बफर आत्ता कोणाकडे आहे? – संगणकाच्या तासाला विचारायचा एक प्रश्न



‘बफर’ हा शब्द आता घराघरात पोचलाय. मोबाईलवर व्हिडिओ लावला आणि पडद्याच्या मधोमध गोल चक्र फिरायला लागलं, की दुसरीतलं पोरगंही सांगतं, "बाई, बफर होतंय!" जणू बफर म्हणजे काहीतरी बिघाडच. खरं तर गोष्ट बरोबर उलटी आहे. बफर म्हणजे तात्पुरती साठवण. नळाला एक दिवसाआड पाणी येतं म्हणून आपण घरात पिंप भरून ठेवतो ना, तसंच. चक्र फिरायला लागतं ते पिंप रिकामं झालं म्हणून. दोष पिंपाला देऊन काय उपयोग?

आजच्या लेखातला बफर मात्र इंटरनेटवरच्या व्हिडिओचा नाही. संगणकाला कॅमेरा जोडला की त्यातून येणारं चित्र आधी ज्या साठवणीत पडतं, तो हा बफर. त्याचा सांभाळ कोण करतं? तर ऑपरेटिंग सिस्टीमच्या अगदी गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, बसलेला ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्रॅम. विषय इंजिनिअरिंग कॉलेजचा वाटेल. पण माझं मत स्पष्ट आहे. बफर सांभाळणं हे जागेचं काम कमी आणि हिशोबाचं काम जास्त आहे. कोणतं भांडं आत्ता कोणाच्या हातात आहे, एवढाच तो हिशोब. आणि आपल्या शाळांतला संगणकाचा तास नेमका हाच हिशोब सोडून बाकी सगळं शिकवतो.

डी.एड.ला आपल्याला एक सूत्र घोकायला लावलं होतं, आठवतंय? ज्ञाताकडून अज्ञाताकडे. त्याच वाटेने जाऊ या.

आधी चित्राचं वजन पाहू

बफर का लागतो हे कळायला आधी एक गणित करू. पाचवीतला मुलगाही करेल असं.

साध्या कॅमेऱ्याचं एक चित्र ६४० ठिपके रुंद आणि ४८० ठिपके उंच असतं. गुणाकार केला की ३,०७,२०० ठिपके. रंग साठवण्याच्या एका नेहमीच्या पद्धतीत दर ठिपक्याला २ बाइट लागतात. म्हणजे एक चित्र ६,१४,४०० बाइटचं. व्हिडिओत अशी चित्रं सेकंदाला ३० येतात. त्यांना फ्रेम म्हणतात. एका सेकंदाचा हिशोब झाला १,८४,३२,००० बाइट!

आता फुल एचडी घ्या. १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येकी २ बाइट. एक फ्रेम ४१,४७,२०० बाइटची, आणि सेकंदाला साडेबारा कोटींच्या आसपास बाइट. जुन्या यूएसबी २.० वायरची कागदावरची कमाल क्षमताच सेकंदाला ६ कोटी बाइट आहे. त्यामुळे त्या वायरवरचे वेबकॅम एचडी चित्र आधी दाबून लहान करतात आणि मगच पाठवतात.

दोन फ्रेममध्ये वेळ किती मिळतो? सेकंदाचा तिसावा भाग. आणि कॅमेरा कोणासाठी थांबत नाही. समोरचा प्रोग्रॅम दुसऱ्या कामात असो, संगणक जुना असो, पुढची फ्रेम आपल्या वेळेला येणारच. ती ठेवायला रिकामी जागा तयार नसेल तर ती वाया जाते.

दोन वह्यांची पद्धत

आपल्याकडे कितीतरी शाळांत गृहपाठाच्या दोन वह्या असतात. एक वही बाईंकडे तपासायला, दुसरी मुलाकडे लिहायला. दुसऱ्या दिवशी अदलाबदल. मुलाचं लिहिणं थांबत नाही आणि बाईंचं तपासणंही थांबत नाही. वही एकच असती तर? बाई तपासत असताना मूल हातावर हात ठेवून बसलं असतं. किंवा त्याहून वाईट म्हणजे बाई वाचतायत त्याच पानावर मूल लिहीत सुटलं असतं.

व्हिडिओ बफर म्हणजे अशाच वह्या. कॅमेरा लिहिणारा, आणि चित्र दाखवणारा किंवा साठवणारा प्रोग्रॅम वाचणारा. दोनाऐवजी बऱ्याचदा चार वह्या ठेवतात, इतकंच. मधे उभा ड्रायव्हर म्हणजे वर्गाचा मॉनिटर. त्याचं कामही मॉनिटरचंच: रिकाम्या वह्या कॅमेऱ्याला देणं, भरलेल्या वह्या क्रमाने प्रोग्रॅमला देणं, आणि कोणती वही कुठे आहे हे कधीही न विसरणं.

यातला मुख्य नियम असा: एका वेळी एका वहीचा मालक एकच. वही कॅमेऱ्याकडे असेल तर प्रोग्रॅमने त्यात डोकवायचं नाही. प्रोग्रॅमकडे असेल तर कॅमेऱ्याने एक ठिपकाही टाकायचा नाही. हा नियम मोडला की पडद्यावर अर्धं चित्र आत्ताचं आणि अर्धं मघाचं असं फाटकं चित्र दिसतं.

लिनक्समध्ये हे कसं चालतं

उदाहरण लिनक्सचं घेते. कारण साधं आहे: त्याचा सगळा मजकूर कुणालाही उघडून वाचता येतो. आपल्या शाळांतल्या संगणकांवर उबुंटू असो, किंवा पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने तयार केलेलं बॉस असो, गाभा लिनक्सचाच. मुलांच्या हातातल्या अँड्रॉइड फोनचाही गाभा लिनक्सच आहे.

लिनक्समध्ये कॅमेऱ्याशी बोलायच्या नियमावलीचं नाव ‘व्हिडिओ फॉर लिनक्स’. तिची दुसरी आवृत्ती २००२ मध्ये कर्नलमध्ये आली आणि आजही तीच वापरात आहे. तिच्यातलं कामकाज पायरीपायरीने असं:

१. प्रोग्रॅम ड्रायव्हरला विचारतो, "मला चार बफर मिळतील का?" ड्रायव्हर आपल्या कुवतीप्रमाणे आकडा कमी-जास्त करून उत्तर देतो.
२. प्रोग्रॅम रिकामे बफर एकेक करून ड्रायव्हरच्या रांगेत ठेवतो. इथे मालकी प्रोग्रॅमकडून ड्रायव्हरकडे गेली.
३. मग "सुरू कर" असा हुकूम. कॅमेरा पहिला बफर भरायला घेतो.
४. बफर भरला की प्रोग्रॅम तो रांगेतून काढून घेतो. मालकी परत प्रोग्रॅमकडे.
५. चित्र वापरून झालं की तोच बफर पुन्हा रांगेत.
६. शेवटी "थांब" असा हुकूम.

रांगेत ठेवणं आणि रांगेतून काढणं, या दोनच हालचाली सेकंदाला तीस-तीस वेळा चालू असतात. पोषण आहाराच्या वेळी धुतलेली ताटं एका बाजूने येतात, वाढलेली दुसऱ्या बाजूने जातात, आणि तीच ताटं फिरत राहतात. शंभर मुलांना शंभर नवी ताटं कुणी विकत आणत नाही. बफरही तेच तेच फिरतात.

मला आवडणारी आणखी एक गोष्ट म्हणजे प्रत्येक भरलेल्या बफरबरोबर एक अनुक्रमांक आणि वेळ येते. ४१, ४२ आणि त्यानंतर एकदम ४५ आला, तर प्रोग्रॅमला लगेच कळतं की मधल्या दोन फ्रेम हुकल्या. हजेरीपटासारखं. गैरहजर मूल दिसत नाही, पण त्याचा क्रमांक रिकामा राहतो. शिवाय एखादी फ्रेम अर्धवट किंवा खराब आली, तर त्या बफरवर ‘खराब’ अशी खूण करूनच तो परत देतात. लपवाछपवी नाही. अपूर्ण गृहपाठावर आपण ‘अपूर्ण’ असा शेरा मारून वही परत करतो, तसंच हे.

प्रत्येकाने आपापला नियम केला तर?

आता मुद्द्याचं. एवढा साधा नियम आहे, तर अडचण कुठे येते?

कॅमेरे आणि टीव्ही कार्डं हजार प्रकारची. प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळा, लिहिणारा माणूस वेगळा. प्रत्येकाने वह्यांचा हिशोब आपापल्या मनाने ठेवला तर शाळेत जे होतं तेच होणार. एका वर्गात वही सोमवारी जमा, दुसऱ्यात गुरुवारी, तिसऱ्यात बाईंना आठवेल तेव्हा. म्हणून लिनक्समध्ये हा सामायिक हिशोब एका ठिकाणी आणायचा प्रयत्न झाला. त्याचं नाव ‘व्हिडिओबफ’. पण त्या पहिल्या प्रयत्नात बऱ्याच त्रुटी राहिल्या आणि नव्या प्रकारच्या उपकरणांना तो अपुरा पडायला लागला.

मग सॅमसंगमध्ये काम करणाऱ्या पावेल ओस्चाक आणि मारेक शिप्रॉव्स्की यांनी तो नव्याने लिहिला. ‘व्हिडिओबफ २’ हे त्याचं नाव. २०११ मध्ये, कर्नलच्या २.६.३९ या आवृत्तीत तो आला. त्यात प्रत्येक बफरची अवस्था ठरवून दिलेली आहे: प्रोग्रॅमकडे आहे, रांगेत आहे, उपकरणाच्या हातात आहे, भरून तयार आहे, किंवा चुकला आहे. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने फक्त आपल्या उपकरणापुरतं सांगायचं: सुरू कसं करायचं, थांबवायचं कसं, बफर भरला की कळवायचं कसं. बाकीचा हिशोब सामायिक भागात.

माझ्या मते या सगळ्या कथेतला हा सर्वात मोठा धडा आहे. दोन लिहिणारे सारखेच हुशार असले तरी दोघांनी हिशोबाच्या दोन वेगळ्या रीती ठेवल्या, तर घोटाळा ठरलेला. नियम थोडे असावेत, एका जागी लिहिलेले असावेत आणि सगळ्यांना सारखे असावेत. शाळा चालवणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

जागा कुठून आणायची?

हिशोब झाला, पण भांडी ठेवायला जागाही हवीच. संगणकाची स्मृती सहसा ४,०९६ बाइटच्या छोट्या पानांत वाटलेली असते. फुल एचडीची एक फ्रेम ठेवायला अशी १,०१३ पानं लागतात. ही पानं सगळीकडे विखुरलेली असली तरी प्रोग्रॅमला फरक पडत नाही, कारण कर्नल त्याला ती सलग असल्यासारखी दाखवतो. पण काही कॅमेरा उपकरणं बिचारी साधी असतात. त्यांना खरोखरच एकाला एक लागून जागा हवी असते. बराच वेळ चालू असलेल्या संगणकात एवढी सलग जागा मिळणं कठीण. लग्नाच्या हंगामात एसटीत घरातल्या दहा जणांना शेजारी-शेजारी सीट मिळण्यासारखं!

यावरचा उपाय तर एसटीतूनच उचलल्यासारखा वाटतो. लाल डब्यात आमदारांसाठी राखीव सीट असायची. आमदार नसले की तिथे आपणच बसतो. आले तर उठून दुसरीकडे बसायचं, सीट फुकट जात नाही. लिनक्समध्ये २०१२ च्या ३.५ आवृत्तीपासून अशीच सोय आहे. सलग जागेचा एक पट्टा राखीव ठेवायचा, एरवी तिथे हलवता येण्यासारखी माहिती बसू द्यायची, आणि कॅमेऱ्याने मागणी केली की ती माहिती दुसरीकडे हलवून पट्टा मोकळा करून द्यायचा.

मालकी बदलताना आणखी एक बारीक काम असतं. प्रोसेसर काही आकडे आपल्या जवळच्या छोट्या स्मृतीत ठेवतो, तिला कॅश म्हणतात. आपण निकालाचे गुण आधी कच्च्या कागदावर मांडतो आणि नंतर पक्क्या रजिस्टरमध्ये चढवतो. कच्चा कागद आपल्या खिशात आणि रजिस्टर मुख्याध्यापकांच्या टेबलावर, असं झालं तर दोघांचे आकडे जुळणार नाहीत. म्हणून अनेक उपकरणांच्या बाबतीत बफर देताना आणि परत घेताना कच्चं-पक्कं जुळवून घ्यावं लागतं. याचा अर्थ असा की ‘दिलं’ आणि ‘घेतलं’ हे नुसते शब्द नाहीत. प्रत्येक वेळी काहीतरी काम करूनच मालकी बदलते.

नक्कल न काढता वाटून घेणं

समजा कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर दाखवायचंय आणि त्याच वेळी साठवायचंही आहे. सोपा उपाय म्हणजे नक्कल काढा, प्रत्येकाला एक द्या. पण वर पाहिलं ना, फुल एचडीत सेकंदाला साडेबारा कोटी बाइट! प्रत्येक टप्प्यावर नक्कल काढत बसलं तर जुना संगणक तिथेच धापा टाकेल. फोन असेल तर बॅटरी खाईल.

म्हणून २०१२ मध्येच, ३.३ आवृत्तीत, ‘डीएमए-बफ’ नावाची सोय आली. सुमित सेमवाल या भारतीय अभियंत्याचा त्यात मोठा वाटा आहे. कल्पना अशी की बफर जागचा हलवायचा नाही, त्याची नक्कलही काढायची नाही. त्याची फक्त ओळखचिठ्ठी द्यायची. ही चिठ्ठी दाखवून कॅमेरा, पडदा आणि चित्र दाबणारं उपकरण ही सगळी एकाच बफरपाशी पोचतात. ग्रंथालयातलं पुस्तक एकच, कार्ड दाखवून ज्याची पाळी तो वाचतो. जोवर एक तरी चिठ्ठी कुणाच्या हातात आहे, तोवर तो बफर मोडीत काढायचा नाही.

वाटून घेण्याची ही रीत कामाची आहे, पण हिशोब आणखी काटेकोर हवा. जितके वाटेकरी जास्त, तितका "आत्ता कोणाकडे?" हा प्रश्न अवघड होत जातो.

सुरू करणं सोपं, थांबवणं अवघड

हा हिशोब चुकला तर काय होतं? फार तर चित्र अडखळेल, असं वाटेल. तेवढंच असतं तर मी हा लेख लिहिला नसता.

कर्नल हा संगणकाचा सर्वाधिकारी. त्याच्या आतली चूक म्हणजे तिजोरीच्या खोलीतली चूक. २०१९ मध्ये अलेक्झांडर पोपोव्ह या सुरक्षा संशोधकाने लिनक्सच्या ‘विव्हिड’ या ड्रायव्हरमधल्या अशा चुका उघड केल्या. विव्हिड हा खोट्या कॅमेऱ्याचा ड्रायव्हर आहे, चाचण्यांसाठी वापरतात. चूक होती ती व्हिडिओ थांबवण्याच्या जागी. थांबवताना आतलं कुलूप क्षणभर उघडं राहायचं. नेमक्या त्या फटीत दुसरं काम आत शिरून रांगेत बफर ठेवू शकत होतं. पुढे तो बफर मोडीत निघायचा, पण रांगेत त्याचं नाव तसंच. म्हणजे वही रद्दीत गेली, आणि हजेरीत अजून ‘जमा’! अशा मेलेल्या बफरच्या जागेचा गैरफायदा घेऊन साध्या वापरकर्त्याला संगणकाचे सगळे अधिकार मिळवता येतात, हे पोपोव्ह यांनी दाखवून दिलं. आणि ही चूक पाच वर्षं तिथे तशीच होती. पुढे ती दुरुस्त झाली.

बघा, सुरुवात करताना चूक झाली नव्हती. झाली ती आवरताना. आपल्यालाही माहीत आहे की तास सुरू करणं सोपं. घंटा झाल्यावर चाळीस वह्या, सतरा पट्ट्या आणि एक कर्कटक सगळं जागेवर परत आलं का हे पाहणं अवघड. म्हणूनच व्हिडिओबफ २ मध्ये पक्का नियम आहे: "थांब" म्हटल्यावर ड्रायव्हरने आपल्या हातातला एकेक बफर परत करायचाच. एक जरी राहिला तरी कर्नल इशारा नोंदवतो. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो.

दुसरी काळजी खाजगीपणाची. ज्या स्मृतीत काल कुणाचा चेहरा होता, ती आज दुसऱ्या प्रोग्रॅमला तशीच दिली तर? म्हणून कर्नल नवी जागा देण्याआधी पाटी पुसून देतो. आपली मुलं कॅमेऱ्यासमोर बसतात, तेव्हा हा मुद्दा आपल्याही घरचाच झाला की नाही?

"मग बफर वाढवा ना!"

हा प्रश्न हमखास येतो. मेमरी स्वस्त झाली, चारऐवजी बत्तीस बफर ठेवा, झालं! इथे माझं मत ठाम विरोधात आहे. वाचणारा प्रोग्रॅम थोडा वेळ मागे पडला तर जास्त बफर उपयोगी पडतात, हे खरं. पण तो कायमच हळू असेल, तर बत्तीसही भरणार, फक्त थोड्या उशिराने. आणि बत्तीस भरलेल्या फ्रेम रांगेत उभ्या, म्हणजे सेकंदाला ३० या वेगाने समोर दिसणारं चित्र एका सेकंदाहून जुनं. ऑनलाइन तासात एक सेकंद म्हणजे किती? बाई प्रश्न विचारून पुढे गेल्या आणि मुलाचा हात आता वर झाला, असं व्हायला पुरेसा. चार बफरमध्ये हाच उशीर सेकंदाच्या सातव्या-आठव्या भागाइतका राहतो.

तपासायच्या वह्या साठत चालल्या तर कपाट मोठं घेऊन प्रश्न सुटत नाही. एक तर तपासण्याचा वेग वाढवा, नाहीतर गृहपाठ कमी द्या. व्हिडिओतही हेच दोन खरे उपाय आहेत: प्रोग्रॅमचं काम हलकं करा, नाहीतर कॅमेऱ्याकडून लहान किंवा कमी फ्रेम मागा. म्हणूनच दर वेळी "नेट स्लो आहे" म्हणून हात झटकू नयेत असं मला वाटतं. कधी नेट खरंच हळू असतं. पण कधी आपल्याच संगणकातला वाचणारा वेळेवर वह्या परत करत नसतो. मुलांना हे दोन्ही वेगळे ओळखता आले पाहिजेत.

पाचवीच्या मुलांना हे कशाला?

"मॅडम, पोरांना नीट टाइप करता येत नाही, आणि तुम्ही कर्नल काय घेऊन बसलात?" असं कुणी म्हणेल. आक्षेप खोटा नाही. तासिका कमी, संगणक त्याहून कमी, कधी लाईट नाही. पण उत्तरही ऐका. आपण आज काय शिकवतो? हा माउस, हा कीबोर्ड, हे इनपुट, हे आउटपुट. पेंटमध्ये घर काढा, नाव टाइप करा. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिक टप्प्याआधीच, सहावीपासून कोडिंगची ओळख सांगितली आहे. ती ओळख पुन्हा बटणांचीच होणार असेल, तर मुलं वापरकर्ते होतील, जाणकार नाहीत. ‘घेतलेलं परत करणं’, ‘एका वेळी एकच मालक’, ‘आवरल्याशिवाय जायचं नाही’ हे प्रोग्रॅमिंगचे पायाचे विचार आहेत, आणि ते शिकवायला संगणक लागतच नाही.

चार पाट्या घ्या. एक मूल कॅमेरा, एक ड्रायव्हर, एक प्रोग्रॅम. तुम्ही ठेक्यात टाळी वाजवायची. दर टाळीला कॅमेऱ्याने हातातल्या रिकाम्या पाटीवर एक आकृती आणि अनुक्रमांक काढायचा. प्रोग्रॅमने भरलेली पाटी घेऊन आकृतीचं नाव मोठ्याने सांगायचं, पाटी पुसायची आणि परत द्यायची. ड्रायव्हरने फळ्यावर चार रकाने आखून प्रत्येक पाटी कोणाकडे आहे ते लिहीत राहायचं.

पहिल्या फेरीत सगळं सुरळीत. दुसऱ्या फेरीत प्रोग्रॅमला मुद्दाम हळू वाचायला सांगा. आमच्या वर्गात कॅमेरा झालेली मुलगी तिथे ओरडली, "बाई, पाटीच नाही, काढू कुठं?" फ्रेम हुकणं म्हणजे काय, हे त्या एका वाक्यात वर्गाला कळलं. व्याख्या लिहून द्यावी लागली नाही. तिसऱ्या फेरीत एक पाटी प्रोग्रॅमने दप्तरात ठेवायची. चारावर चालणारा खेळ तीनवर येतो, मग अशीच दुसरी हरवली की दोनवर. चौथ्या फेरीत मधेच "थांब!" म्हणा आणि चारही पाट्या टेबलावर येईपर्यंत कुणाला जागेवर जाऊ देऊ नका. प्रत्येक फेरीनंतर एकच प्रश्न विचारा: "तीन नंबरची पाटी आत्ता कोणाकडे आहे?" फळा पाहून उत्तर आलं पाहिजे, शोधाशोध करून नाही.

खर्च शून्य. वेळ एक तासिका. ज्या शाळेत संगणक बंद पडून आहे, तिथेही हा तास होऊ शकतो.

यातलं प्रत्येक मूल पुढे कर्नलचा ड्रायव्हर लिहील असं नाही, तशी गरजही नाही. पण त्यातलं एखादं कधीतरी हा मजकूर उघडून वाचेल. तो कुणालाही खुला आहे, आणि जगभरातली साधी माणसं तो रोज दुरुस्त करतायत. तेव्हा ‘रांगेत ठेवलं’, ‘रांगेतून काढलं’, ‘परत केलं’ हे शब्द त्याला परके वाटू नयेत. आणि बाकीच्यांना किमान एवढं तरी कळावं की संगणकात जादू नसते, शिस्त असते. आपण या आठवड्यात चार पाट्यांचा हा तास जरूर घेऊन बघा, आणि तिसऱ्या फेरीत पाटी दप्तरात गेल्यावर मुलं काय करतात, त्याकडे नीट लक्ष द्या.